‘असो’पर्यंत गेलेली पेटी: नाराजीच्या शब्दांचे एक प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराने एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना हापूसची पाच डझनांची पेटी पाठवली. ६० फळे, पेटीचा भाव ३,६०० रुपये, म्हणजे नगाला ६० रुपये. पेटी रात्रीच्या खासगी बसने निघाली आणि सकाळी पुण्यात पोचली. नवव्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. घरी पाहुणे असताना पहिले सहा आंबे कापले आणि त्यातल्या चारांत साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला. पेटी संपेपर्यंत वाया गेलेल्या फळांची संख्या १३ झाली.

हिशेबाने हा ७८० रुपयांचा प्रश्न होता आणि तो एका संध्याकाळी सुटला असता. प्रत्यक्षात तो आठवडाभर चिघळला. बाईंच्या सोसायटीतल्या दोघांनी मे महिन्यासाठी सांगून ठेवलेल्या चार पेट्या रद्द केल्या. दोन्ही बाजूंची माणसे सरळ होती, कोणीही आवाज चढवला नव्हता, एकही अपशब्द लिहिला गेला नव्हता. बिघडले ते शब्दांच्या निवडीत, आणि त्यातही एका शब्दाचा अर्थ घाटाच्या वर एक आणि खाली दुसरा असल्यामुळे.

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. यातली माणसे आणि संदेश एका विशिष्ट घराचे नाहीत, पण आंब्याच्या मोसमात अशीच वाक्ये इकडून तिकडे जात असतात, म्हणून ती शब्दशः तपासण्याजोगी आहेत.

फळात काय होते

साका हा आंब्याच्या आतला बिघाड आहे. साल सोनेरी, वास उत्तम, देठाजवळ डाग नाही, आणि कापल्यावर कोयीभोवतीचा गर पांढरट, भुसभुशीत, पोकळ्या पडलेला आणि आंबूस. बाहेरून बघून तो ओळखता येत नाही. ना बागेत, ना बाजारात, ना घरी. उन्हाचा ताप आणि फळातच कोय रुजण्याकडे झुकणे, ही त्याची कारणे सांगितली जातात. फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झाल्यावर काढले (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार), उन्हाच्या आत काढले, काढलेले फळ तापलेल्या कातळावर न ठेवता लगेच सावलीत नेले, तर साक्याचे प्रमाण कमी होते. शून्यावर येत नाही. या बागायतदाराने यातले सगळे केले होते.

एवढे तांत्रिक सांगायचे कारण असे की दोष होता, पण दोष देण्याजोगा माणूस नव्हता. अशा ठिकाणी नाराजीचा शब्द निवडणे सगळ्यांत अवघड असते. डागी फळ वर एक थर चांगला लावून खाली भरले असते, तर शब्द सोपा होता. इथे तो सोपा नव्हता, आणि तरी पाहुण्यांच्या ताटातला आंबा पांढरा निघाला होता, हेही खरे होते. शिवाय हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘देवगड’, ‘रत्नागिरी’ ही नावे गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा जास्त विश्वासाने, जास्त पैसे मोजून घेते. जितका विश्वास, तितकी नाराजी खोल जाते.

पहिला संदेश

अक्षय्य तृतीयेच्या रात्री बाईंनी लिहिले:

“नमस्कार भाऊ. पेटी वेळेवर मिळाली, वास फार छान होता. पण आज कापले तर काही आंबे आतून खराब निघाले. पाहुणे होते, जरा वाईट वाटलं. कळवावं म्हणून लिहिलं.”

मराठीत सभ्य नाराजी कशी मांडली जाते, याचा हा चांगला नमुना आहे. आधी संबोधन, मग जे चांगले होते ते, मग ‘पण’, मग घटना, मग मनाची अवस्था, आणि शेवटी आपण भांडायला आलेलो नाही याची ग्वाही.

यातले क्रियापद बघावे. ‘आंबे खराब निघाले’. निघण्याला कर्ता लागत नाही. आंबाच निघाला, त्याला कोणी काढले नाही. हेच वाक्य पायरीपायरीने कसे चढते ते सगळ्यांना ठाऊक आहे. खराब निघाले. खराब आले. खराब पाठवलेत. खराब दिलेत. खराब माल खपवलात. खराब माल माथी मारलात. पहिल्या दोन पायऱ्यांवर समोरचा माणूस वाक्यात नाहीच. तिसरीपासून तो येतो. पाचवीला त्याचा हेतू येतो, आणि सहावीला आपले डोके येते, म्हणजे आपण त्याच्या हातून मार खाल्लेले ठरतो. बाई अगदी खालच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि तिथे त्या जाणूनबुजून उभ्या होत्या.

तीच गोष्ट ‘वाईट वाटलं’ची. आपल्याकडे नाराजी बहुतेक वेळा ‘मला’ने सुरू होते: मला पटलं नाही, मला रुचलं नाही, मला बरं नाही वाटलं, मला राग आला. भावना येते, वाटते, लागते. मी ती करत नाही. मालवणीतही हेच: “माका बरा वाटूक नाय.” या रचनेत समोरच्याला उत्तर द्यायला भरपूर जागा राहते, कारण त्याच्यावर अजून काहीच ठेवलेले नसते.

‘जरा’ या शब्दाने मात्र वाचणाऱ्याची फसगत होऊ शकते. ‘जरा वाईट वाटलं’ यातला ‘जरा’ दुःखाचे माप सांगत नाही, बोलण्याची मर्यादा सांगतो. पाहुण्यांसमोर चार आंबे एकामागून एक पांढरे निघतात तेव्हा जरासे वाटत नाही. ‘जरा’ हा शब्द ज्याने वापरला, तो स्वतःला आवरतो आहे असे समजावे.

या संदेशात एक उणीवही होती. ‘काही आंबे’ म्हणजे किती? सहापैकी चार असे लिहिले असते, एक फोटो जोडला असता, तर बागायतदाराला पहिल्याच मिनिटाला कळले असते की हा साका आहे आणि तो बराच आहे. संकोचाने आपण भावना सौम्य करतो ते ठीक, पण त्याच ओघात आकडाही सौम्य करून टाकतो. आकडा सौम्य करण्यात सभ्यता नाही; त्याने ऐकणाऱ्याचे काम अवघड होते. ‘सहा कापले, चार साक्याचे निघाले, जरा वाईट वाटलं’ हे वाक्य तितकेच सभ्य आहे आणि कितीतरी उपयोगी.

पहिले उत्तर

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतून उत्तर गेले:

“काकू, यंदा हवामानच तसं आहे. सगळ्यांच्याच आंब्यात साका येतोय. आमच्या हातात काही नाही.”

तीन वाक्ये, तिन्ही खरी. पण बाईंनी हवामान विचारले नव्हते. त्यांनी ‘कळवावं म्हणून’ लिहिले होते, आणि त्याचे पहिले उत्तर ‘कळलं’ हेच असते. ते आलेच नाही. त्यात दोन ठिकाणी ‘च’ आला: हवामानच, सगळ्यांच्याच. मराठीतला ‘च’ दार लावून घेतो. ‘सगळ्यांच्या आंब्यात’ ही माहिती आहे; ‘सगळ्यांच्याच आंब्यात’ म्हणजे तुम्ही काही वेगळ्या नाही, मग सांगता कशाला.

कोकणातल्या माणसाच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. वर्षभराचे उत्पन्न अडीच-तीन महिन्यांत काढायचे, त्यात अवकाळी पाऊस, तुडतुडे, थ्रिप्स, आणि मग साका. हवामानाबद्दलचे त्याचे वाक्य हे स्वतःचीच हळहळ होती. पण ज्याचे आत्ता बिनसले आहे त्याच्यासमोर आपली हळहळ आधी मांडली की ती सबबीसारखी ऐकू येते. तेच वाक्य चौथ्या क्रमांकावर आले असते तर बाईंनीच “अहो, तुमचं तरी किती नुकसान” म्हटले असते.

बाईंनी लगेच लिहिले: “हवामानाचं समजलं. पण पैसे तर पूर्ण घेतलेत ना? आज आणखी पाच निघाले. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

आता ‘भाऊ’ गेला. ‘घेतलेत’ आले, म्हणजे समोरचा माणूस वाक्यात आला. आंबे अजून ‘निघाले’च आहेत, हे लक्षात घ्यावे, दोष पैशांच्या क्रियापदावर सरकला, फळाच्या नाही. बाई अजूनही न्याय्य बोलत आहेत.

‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य ऐकायला मऊ आहे, पण नाराजीच्या पायऱ्यांवर ते बरेच वर आहे. ते परक्याला कधीच म्हटले जात नाही. रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडून आंबा खराब निघाला तर ‘अपेक्षा नव्हती’ असे कोणी म्हणत नाही, तिथे सरळ भांडण होते. अपेक्षा ठेवायला नाते लागते. म्हणजे या वाक्यात बाई सांगत होत्या की मी तुम्हाला आपले मानत होते. मोडले ते अजून जुळण्यासारखे आहे, असाही त्याचा अर्थ होतो. हे वाक्य आले की समजूत काढायला अजून वेळ आहे असे धरावे, पण फार नाही.

गाऱ्हाणे

बागायतदाराला हे कळले होते. त्याने आपल्या परीने सगळ्यांत मानाचा शब्द वापरला:

“मॅडम, तुमचं गाऱ्हाणं ऐकलं. बघतो काय ते.”

आणि इथे सगळे बिघडले.

सिंधुदुर्गात गाऱ्हाणे हा देवळातला शब्द आहे. ग्रामदेवतेसमोर, रवळनाथासमोर, घरच्या गणपतीसमोर, जत्रेला, नव्या कामाच्या आरंभी गाऱ्हाणे घातले जाते. एक जाणता माणूस उभा राहतो, “बा देवा म्हाराजा” म्हणून हाक मारतो, कोण लेकरे समोर उभी आहेत ते सांगतो, काय घडले आहे, काय चुकले असेल ते सांगतो, आणि मग मागणे मागतो. प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणतात. गाऱ्हाण्यात राग नसतो, लाचारीही नसते. हक्काच्या ठिकाणी, चारचौघांच्या साक्षीने मांडलेली अडचण असते. ‘गाऱ्हाणे ऐकले’ म्हणजे देवाच्या जागी उभे राहून मी ते मनावर घेतले, इतका त्याचा भार.

पुण्यात, आणि एकूण घाटावरच्या बोलण्यात, हा शब्द घसरत गेला आहे. तिथे मुले एकमेकांची गाऱ्हाणी आईकडे सांगतात. सारखी रड लावणाऱ्या माणसाबद्दल “याची गाऱ्हाणी संपतच नाहीत” म्हणतात. ‘गाऱ्हाणी’ हे अनेकवचन तर जवळजवळ टिंगलीचे झाले आहे. मूळ संस्कृत गर्हणा म्हणजे निंदा, त्याचा एक धागा देवळात जाऊन प्रार्थना झाला आणि दुसरा ओसरीवर राहून कुरबूर झाला.

बाईंनी वाचला तो दुसरा. त्यात ‘काकू’ची ‘मॅडम’ झाली होती. बागायतदाराला वाटले, आता बोलणे गंभीर झाले, तर मान वाढवू. पण नात्याचे संबोधन काढून मानाचे घातले की मराठी कानाला मान वाढल्यासारखा वाटत नाही, अंतर वाढल्यासारखे वाटते. आणि ‘बघतो काय ते’ यातला ‘काय ते’ म्हणजे प्रकरण क्षुल्लक, जमेल तेव्हा बघू.

इथे शब्दांची एक विभागणी सांगायला हवी, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. मराठीतले नाराजीचे काही शब्द माणूस स्वतःबद्दल वापरतो आणि काही फक्त दुसऱ्याबद्दल. वाईट वाटलं, पटलं नाही, खटकलं, लागलं, हिरमोड झाला, कंटाळा आला, वीट आला, वैताग आला, खंत वाटते: हे स्वतःचे. कुरकुर, कुरबूर, तणतण, चरफड, धुसफूस, आदळआपट, थयथयाट, रडगाणे, नाक मुरडणे, बोटे मोडणे: हे दुसऱ्याचे. ‘मी तणतण केली’ असे कोणी आपणहून सांगत नाही. सांगितलेच तर खूप दिवसांनी, राग निवल्यावर. पहिल्या पुरुषात ‘कुरकुर’ येते ती बहुधा नकारासोबत: “मी कुरकुर करत नाही, पण…”

या दुसऱ्या गटातले बरेच शब्द आवाजाचे आहेत. दार कुरकुरते, साप फुसफुसतो. आवाजाच्या शब्दात आशय उरत नाही. माणूस काय म्हणतो आहे ते पुसले जाते आणि तो फक्त आवाज करतो आहे असे होते. म्हणून समोरच्याच्या ‘वाईट वाटलं’ला आपण आवाजाचा शब्द लावला, की त्याला उत्तर न देताच त्याचे म्हणणे खोडले जाते. बागायतदाराने मानाचा म्हणून वापरलेला शब्द पुण्यात या दुसऱ्या गटात जाऊन पडला होता.

‘रुसवा’ थोडा वेगळा. तो आपल्या माणसाचाच असतो, त्यात समजूत काढली जाण्याची वाट पाहणे असते. लेकी-सुना, भावजया, नातवंडे रुसतात. गिऱ्हाईक रुसत नाही, आणि ते रुसले असे म्हणणे हाही अपमान.

शब्द आणि त्याचे जोडीचे क्रियापद

बागायतदाराने कोणता शब्द घ्यायला हवा होता? याला एक व्यवहारी कसोटी आहे: त्या शब्दापुढे आपल्या तोंडी कोणते क्रियापद आपोआप येते ते बघावे, म्हणजे तो शब्द काय मागतो ते कळते. नाराजी दूर करतात. रुसवा काढतात. तक्रारीचे निवारण करतात, किंवा तिची दखल घेतात. हरकत घेतात, आक्षेप नोंदवतात, निषेध करतात. गैरसमज दूर करतात. गाऱ्हाणे मांडतात आणि ऐकतात. कुरकुरीकडे दुर्लक्ष करतात. ज्या शब्दाचे जोडीचे क्रियापद ‘ऐकणे’ आहे, तो ऐकून झाला की संपतो. बाईंना ऐकून घेणारा नको होता, भरून देणारा हवा होता. ‘तक्रार’ म्हटले असते तरी चालले असते, कारण तक्रारीला निवारण लागते.

‘तक्रार’ मूळ अरबी, अर्थ पुनःपुन्हा करणे. हा अर्थ या शब्दाला अजून चिकटून आहे: पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट ‘सांगणे’ असते, ऐकली न गेल्यामुळे दुसऱ्यांदा सांगावी लागली की ती तक्रार होते. ग्राहक संरक्षण कायद्यात (२०१९) हाच शब्द आहे. तिथे नाराजी, खंत यांना जागा नाही, तिथे मालातला ‘दोष’ दाखवावा लागतो आणि ‘तक्रारदार’ व्हावे लागते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १३ आंब्यांसाठी कोणी तिथवर जात नाही, जाऊही नये.

‘हरकत’ हाही अरबी, मूळ अर्थ हालचाल. मराठीत येऊन तो अडथळा झाला. तो जमिनीच्या, मोजणीच्या, वाटेच्या प्रकरणात शोभतो. “माझी हरकत आहे” म्हणजे काम थांबवा. घरच्या बोलण्यात तो फक्त ‘काही हरकत नाही’ असा येतो. ‘असंतोष’ तर एका माणसाचा नसतोच, तो लोकांचा असतो. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने हेटाळणीने ‘असंतोषाचे जनक’ म्हटले आणि आपण ती पदवी अभिमानाने मिरवली. हा शब्द त्या उंचीचा आहे. आंब्याच्या पेटीवर ‘असंतोष’ किंवा ‘तीव्र निषेध’ लिहिणारे लोक आहेत, पण ते शब्द तिथे हलके पडतात. ‘खंत’ही इथे बसत नाही: खंत ज्याला आता इलाज नाही अशा गोष्टीची असते. ‘खंत वाटते’ म्हणणारा काही मागत नसतो.

‘असो’

बाईंचे शेवटचे उत्तर:

“गाऱ्हाणं सांगत नाहीये. झालं ते कळवलं. असो.”

बागायतदाराने ‘असो’ वाचले आणि सुटकेचा श्वास घेतला. राहू दे म्हणाल्या, विषय मिटला.

‘असो’चा व्याकरणातला अर्थ तोच आहे: असू दे. पत्राच्या शेवटी, कीर्तनात, भाषणात ‘असो’ने विषय बदलतो, त्यात नाराजी नसते. पण न सुटलेल्या वादानंतर, एकट्या शब्दाचे वाक्य होऊन, पुढे पूर्णविराम घेऊन ‘असो.’ आले, की ती नाराजीच्या पायऱ्यांवरची अगदी वरची पायरी. रागावलेला माणूस अजून तुमच्याकडून काही मागत असतो. ‘असो’ म्हणणाऱ्याने मागणे सोडले. त्याच कुळातले आणखी शब्द आहेत: “ठीक आहे.” “बरं.” “राहू द्या.” “चालायचंच.” “तुमचं तुम्ही बघा.” प्रत्यक्ष बोलताना यांच्यासोबत आवाज असतो, तोंड फिरवणे असते, म्हणून ऐकणाऱ्याला कळते. लिहिलेल्या संदेशात फक्त शब्द येतो आणि तो अक्षरशः वाचला जातो.

कोकणी बोलण्यात नाराजी मोठ्याने निघते आणि लवकर निवते, हेही इथे आड आले असावे. “शिरा पडो तुझ्या तोंडार” असे म्हणून म्हातारी त्याच दमात “जेवून जा” म्हणते. ज्याच्या कानाला हा मोकळा राग सवयीचा आहे, त्याला बिनरागाचा शब्द निरुपद्रवी वाटतो.

फसगत आणि फसवणूक

चार दिवस दोन्हीकडून काही नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारले, आंबे कोणाकडून घ्यावेत. बाईंनी लिहिले की आमची तर या वर्षी फसवणूक झाली, ६० पैकी १३ टाकून द्यावे लागले. संध्याकाळपर्यंत चार पेट्या रद्द.

१३ चा आकडा खरा होता. शब्द चुकला. फसवणूक कोणीतरी हेतूने करतो. कायद्यातही तो गुन्ह्याचा शब्द आहे. बाईंना म्हणायचे होते ते ‘फसगत’. फसगत होते, तिला करणारा लागत नाही. आपला अंदाज चुकला, वरून चांगले दिसले आणि आतून निघाले नाही. ‘फसगत झाली’ लिहिले असते तर चारही पेट्या राहिल्या असत्या असे नाही, पण एका प्रामाणिक माणसावर हेतूचा आरोप गेला नसता. पहिल्या संदेशात ‘निघाले’ लिहिणाऱ्या बाई ‘फसवणूक’वर गेल्या त्या आंब्यांमुळे नव्हे, साका तर तोच होता. मधल्या दोन उत्तरांनी त्यांना तिथवर नेले.

फोन

पेट्या का रद्द झाल्या ते कळल्यावर बागायतदाराने घरात संदेश वाचून दाखवले. “बघ गो आये, गाऱ्हाणा ऐकलंय म्हटलंय, तरी हिका राग इलो.” आईने सगळे संदेश ओळीने ऐकले आणि म्हणाली, “ती भांडाक येवक नाय रे. तिका लागला. तू फोन कर.”

‘लागला’ हा नेमका शब्द होता. राग उतरतो, लागलेले राहते. लागलेल्यावर लेखी खुलासा चालत नाही, तिथे आवाज लागतो.

फोनवर काय बोलायचे ते त्याने आधी ठरवून घेतले, आणि त्याची रचना नकळत गाऱ्हाण्याचीच झाली: हाक, घडलेले, चुकलेले, मागणे.

“काकू, मी बोलतोय. अक्षय्य तृतीयेला तुमच्याकडे पाहुणे होते आणि आंबे साक्याचे निघाले. तेरा फळं गेली. आंब्याच्या आतलं आम्हाला दिसत नाही, त्याला माझा इलाज नव्हता. पण तुम्ही कळवलंत तेव्हा मी आधी हवामान सांगत बसलो, ते माझं चुकलं. तेरा फळांचे ७८० रुपये आज पाठवतो.”

‘चुकलं’ आणि ‘चूक झाली’ यांत फरक आहे. ‘चूक झाली’ हे ‘आंबे निघाले’सारखेच बिनकर्त्याचे वाक्य. नाराजी सांगणाऱ्याने कर्ता लपवला तर ती सभ्यता असते. माफी मागणाऱ्याने लपवला तर ती पळवाट वाटते. ‘दिलगीर आहोत’ हे फलकावरचे, ‘क्षमस्व’ बंद दुकानाच्या दारावरचे, ‘सॉरी’ धक्का लागल्यावरचे. ‘माझं चुकलं’मध्ये माणूस असतो. आणि त्याने नेमके तेवढेच स्वतःवर घेतले जे त्याचे होते: साका नाही, उत्तर. साक्याचीही माफी मागितली असती तर ती खोटी ठरली असती आणि पुढच्या वर्षी अडचणीत आणणारी.

बाई म्हणाल्या, “अहो, पैशांचं काही नाही हो.” हे वाक्य निम्मे खरे असते. मुद्दा पैशांचा नव्हता, हे खरे. म्हणून पैसे नकोत, असा त्याचा अर्थ काढू नये. ‘पैसे पाठवू की पुढच्या वर्षी आंबे वाढवून देऊ?’ असे विचारले की संकोचाने ‘काहीच नको’ येते आणि नाराजी तशीच राहते. त्याने विचारले नाही, त्याच संध्याकाळी ७८० रुपये पाठवले, सोबत एवढेच: “१३ फळांचे.” वर एकही हसरा चेहरा जोडला नाही, हेही बरे केले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बाईंनी लिहिले की बागायतदाराने १३ फळांचे पैसे परत केले. ‘फसवणूक’ हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही. असा शब्द मागे घ्यायला लिहिणाऱ्यालाही अवघड जाते. रद्द झालेल्या चार पेट्यांपैकी दोनच परत आल्या.

पेटीतली चिठ्ठी

पेटीत पेंढ्यावर पूर्वी एक छापील चिठ्ठी असे: ‘काही तक्रार असल्यास संपर्क साधावा.’ ती बदलली. ‘तक्रार असल्यास’ वाचून सभ्य माणूस फोन करत नाही, कारण तक्रारदार व्हायचे नसते. तो चार दिवस मनात ठेवतो आणि मग ग्रुपवर लिहितो. नव्या चिठ्ठीत भावनेचा शब्दच नाही:

“आंबा कापल्यावर आतून पांढरट, भुसभुशीत निघाला तर तो साका. तो बाहेरून ओळखता येत नाही. किती कापले, किती निघाले, ते एका फोटोसह त्याच दिवशी कळवा. तेवढ्या फळांचे पैसे परत पाठवतो. आंबे पाहुण्यांसाठी असतील तर आदल्या दिवशी दोन कापून बघा.”

शेवटचे वाक्य आईने घालायला सांगितले.